अप्पांची वाटी: घरातल्या ज्येष्ठांसाठी कमी साखरेचं गोड कसं करायचं

मागच्या पावसाळ्यात कपडे मशिनला लावताना अप्पांच्या शर्टाच्या खिशात टिश्यूत गुंडाळलेली अर्धी बर्फी सापडली. अप्पा म्हणजे माझे सासरे, वय ७९, डायबेटिस होऊन वीसेक वर्षं झाली, दिवसा गोळ्या आणि रात्री इन्सुलिन. बर्फीच्या कडेला दाताची खूण होती, म्हणजे अर्धी खाल्ली होती आणि अर्धी नंतरसाठी जपून ठेवली होती. ज्या माणसाने परळच्या चाळीत असताना दर मे महिन्यात आंब्याच्या पेट्या आणून अख्ख्या मजल्याला खाऊ घातलं, त्याला आता गोडाचा तुकडा लपवून खावा लागतोय हे बघून मला फार वाईट वाटलं, मी ती बर्फी कुणाला दाखवली पण नाही. पण त्या दिवसापासून एक कळलं की घरात गोड बंद केल्याने गोड बंद होत नाही, ते फक्त लपवून खाल्लं जातं आणि लपवून खाल्लेलं कोणी मोजत नाही. त्यापेक्षा रोज नाही पण आठवड्यातून दोन-तीनदा घरचं, मोजून साखर घातलेलं, छोटी वाटीभर गोड ताटातच वाढायचं. वर्षभर हेच करतेय, त्यातून जे जमलं ते लिहिते.

आधी एक गोष्ट. ज्यांना इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू आहेत, किडनीचा त्रास आहे, त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या की किती आणि काय चालेल, प्रत्येकाचं वेगळं असतं. आमच्याच घरात बघा, अप्पांना डायबेटिस, आणि सासूबाई, त्यांना आम्ही सगळे आईच म्हणतो, वय ७४, त्यांना शुगर नाही पण वजन उतरतंय आणि कवळी आहे. म्हणजे एकाला साखर कमी हवी, दुसरीला ताकद हवी आणि चावायला मऊ हवं. एकाच पातेल्यातून दोघांचं करायचं असतं.

सुरुवात गोडापासून करूच नका, चहापासून करा. आपल्याकडे वयस्कर माणसं दिवसाला चार कप चहा सहज पितात, कपाला दोन चमचे साखर धरली तर आठ चमचे, म्हणजे ३५-४० ग्रॅम साखर, तीही गोड खाल्ल्याचं समाधान न मिळता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर, मध, सरबतं, ज्यूस यातली साखर दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत हवी आणि ५ टक्क्यांच्या आत आली तर अजून चांगलं. २००० कॅलरी खाणाऱ्याला ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, आणि आपली म्हातारी माणसं २००० कॅलरी खातात कुठे, १५००-१६०० म्हणजे खूप झालं. तेव्हा चहातला अर्धा चमचा कमी करा, पंधरा दिवस तिथेच थांबा, मग अजून अर्धा. एकदम बिनसाखरेचा कप हातात दिला की भांडण होतं. अप्पा तीन महिन्यांत दोन चमच्यांवरून पाव चमच्यावर आले आणि आता बाहेरचा चहा त्यांना पाक प्यायल्यासारखा लागतो.

हेच गोडाच्या पदार्थाला पण करायचं. वय झालं की नाकाला वास कमी येतो आणि आपल्याला जी चव वाटते त्यातला मोठा भाग वासाचाच असतो, म्हणून त्यांना सगळं फिकं लागतं आणि ते अजून साखर मागतात. तर साखर वाढवायच्या ऐवजी वास वाढवा. वेलची तयार पावडरीची नको, खलबत्त्यात ताजी कुटा, साल काढून. जायफळ किसणीवर दोन फेरे. केशराच्या चार-पाच काड्या कोमट दुधात दहा मिनिटं भिजवून मग घाला, कोरडं टाकलं तर अर्धं वाया जातं. चिमूटभर मीठ विसरू नका, मीठ घातलं की थोडीशी गोडी पण पुढे येते. आणि एक, फ्रिजमधून काढून थेट वाढू नका. थंडगार पदार्थात गोडी जिभेला कमी लागते, म्हणून तर आइस्क्रीममध्ये एवढी साखर घालतात. बासुंदी असो की खीर, अर्धा तास बाहेर ठेवा, तीच वाटी गोड लागेल. साखर चाखताना पण ज्या तापमानाला वाढणार त्यालाच चाखायची.

आता बासुंदी. हे आमच्या घरातलं सगळ्यात यशस्वी गोड. लोकांना वाटतं बासुंदीत साखर घालायलाच लागते पण दुधातच साखर असते, लॅक्टोज, १०० मिलीला साधारण ४.५ ते ५ ग्रॅम. एक लिटर दूध आटवून ४०० मिली केलं की पाणी जातं आणि ती साखर सगळी आतच राहते, म्हणून नुसतं आटवलेलं दूध पण गोड लागतं. तर जाड बुडाच्या कढईत एक लिटर गायीचं दूध घ्या, मध्यम आचेवर ठेवा, उकळी आली की आच कमी करा. साय आली की ती उलथन्याने कढईच्या कडेला चिकटवत जायची आणि दर पाच-सात मिनिटांनी कडा खरवडून परत दुधात सोडायची. पाऊण तास लागतो, मध्येच मोबाइल घेऊन बसलात तर बूड लागतं आणि एकदा लागलं की तो वास कशानेच जात नाही. निम्म्याच्या खाली आलं की केशर-दूध, वेलची, जायफळ आणि मग अगदी शेवटी साखर, पूर्ण कढईला फक्त दोन छोटे चमचे. शेवटी अशासाठी की दूध आटल्यावरच कळतं त्याची स्वतःची गोडी किती आलीय, आधी घातली तर अंदाज हमखास चुकतो. एरवी लिटरला अर्धी वाटी साखर जाते, म्हणजे शंभरेक ग्रॅम, आपण घातली १० ग्रॅम. ८० मिलीच्या पाच वाट्या होतात, प्रत्येक वाटीत वरची साखर दोनच ग्रॅम.

पण हिशोब पूर्ण सांगते, त्या वाटीत दुधाची स्वतःची साखर ९-१० ग्रॅम असतेच आणि ती पण रक्तात जाते. म्हणून वाटी छोटीच, ती चटणीसाठी काढतो त्याच्यापेक्षा जरा मोठी असते ना, तीच, आणि परत वाढायची नाही. हृदयाचा त्रास असेल तर टोन्ड दूध घ्या, ते तेवढं दाट होत नाही, मग दोन चमचे बदामाची पूड घाला. आमच्या आईंना मात्र मी म्हशीच्या दुधाचीच देते, त्यांना त्या कॅलरींची गरज आहे. आणि कवळी असेल तर चारोळी, पिस्त्याचे काप वगैरे अजिबात नको, ते तुकडे कवळीखाली जाऊन हिरडीला टोचतात, पूड करून घाला. हे मला आईंनी कधी सांगितलं नव्हतं, त्या नुसत्या चारोळ्या वाटीच्या कडेला काढून ठेवायच्या आणि मला वाटायचं आवडत नाहीत.

श्रीखंडाचं गणित वेगळं आहे. दह्यातलं पाणी निथळून जातं तेव्हा लॅक्टोजचा बराच भाग त्या पाण्याबरोबर जातो आणि प्रोटीन मागे राहतं, त्यामुळे चक्का हा मुळात डायबेटिसवाल्यांसाठी चांगला, वाट लावतो आपण त्यात बरोबरीने साखर घालून. साखर एवढी का लागते तर चक्का आंबट असतो म्हणून. मग आंबटपणाच येऊ द्यायचा नाही. दही घरी लावा, जेमतेम लागलं की लगेच फ्रिजमध्ये, आणि पंचात बांधून चाळणीत ठेवून खाली पातेलं, वर वजन, हे सगळं फ्रिजमध्येच रात्रभर. मुंबईच्या दमट हवेत खुंटीला टांगून ठेवलं की सकाळपर्यंत आंबलंच म्हणून समजा. ४०० ग्रॅम चक्का असेल तर दोन मोठे चमचे पिठीसाखर, अर्धी वाटी पिकलेल्या हापूसचा रस, मीठ, केशर, वेलची, आणि पुरणयंत्रातून एकदा फिरवायचं. पुरणयंत्रातून फिरवलं की इतकं मऊ होतं की मिक्सरमध्ये ती मजा नाही, मिक्सरमध्ये पातळ होतं. आंब्याचा सीझन नसेल तर सीताफळाचा गर, बिया काढायला वेळ लागतो पण अप्पा ते काम आवडीने करतात, पेपर अंथरून बसतात. गुढीपाडव्याला हेच केलं होतं, पुरीच्या ऐवजी फुलक्याबरोबर, कोणी काही बोललं नाही.

दुधी हलवा पटकन होतो. अर्धा किलो दुधी, पण चिरताना आधी कच्चा छोटा तुकडा चाखून बघा, कडू लागला तर सगळा फेकून द्या, कडू दुधी विषारी असतो, लोक खरंच सिरीयस होतात त्याने, आणि म्हाताऱ्या माणसांना तर अजिबात झेपत नाही. किसून एक चमचा तुपावर परता, झाकण ठेवून स्वतःच्याच पाण्यात शिजू द्या, मग एक कप दूध घालून आटवा, शेवटी दीड मोठा चमचा साखर. खवा नको. गाजराचा करायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत लाल गाजरं येतात दादर मार्केटमध्ये, ती घ्या, ती एवढी गोड असतात की निम्म्यापेक्षा कमी साखरेत काम होतं, केशरी गाजरांत तेवढी गोडी नाही.

नाचणीबद्दल एक महत्त्वाचं. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम, म्हणून सगळे म्हाताऱ्यांना नाचणीसत्त्वाची खीर देतात. पण सत्त्व करताना नाचणी भिजवून, वाटून, गाळून घेतात, कोंडा बाहेर जातो आणि खाली बसतो तो मुख्यतः स्टार्च. पचायला हलकं, आजारी माणसाला छान, पण डायबेटिसवाल्याची शुगर त्याने भराभर चढते. अप्पांना मी सत्त्वाऐवजी अख्ख्या नाचणीचं पीठ वापरते. दोन मोठे चमचे पीठ एक चमचा तुपावर खमंग वास येईपर्यंत भाजा, गार करा, थंड पाण्यात गुठळ्या न होता कालवा, मग दोन कप गरम दुधात सोडून आठ-दहा मिनिटं ढवळत शिजवा. गोडीला दोन खजूर भिजवून वाटून, दोन माणसांत. बस.

खजूर, गूळ, मध यांवरून आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंशी माझा नेहमी वाद होतो. काकू म्हणतात गूळ चालतो, नैसर्गिक आहे. गुळात थोडंफार लोह असतं हे खरं पण बहुतांश ती साखरच आहे, १०० ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी तर गुळात ३८० च्या आसपास. रक्ताला काही कळत नाही की ही उसाच्या गुऱ्हाळातून आली का कारखान्यातून. मधाचंही तेच. खजुरात फायबर असतं पण वजनाच्या जवळजवळ दोन तृतीयांश साखरच, म्हणून एक-दोन, मूठभर नाही. 'खजुराचे शुगरफ्री लाडू' म्हणून जे चार-चार खाल्ले जातात ना, ते शुगरफ्री नाहीत. आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा, वाढलेलं असेल तर खजूर, केळं, ड्रायफ्रूट यातलं पोटॅशियम पण बघावं लागतं, डायटिशियनला विचारल्याशिवाय देऊ नका.

आता विकतचं शुगरफ्री. एका दिवाळीत आम्ही एका दुकानातून शुगरफ्री काजूकतली आणली, अप्पांनी निवांत मनाने सहा तुकडे खाल्ले, दुसऱ्या दिवशी पोट फुगलं, दिवसभर बाथरूमच्या फेऱ्या, आणि दोन तासांनंतरची शुगर पण वाढलेली. बॉक्स उलटा करून वाचला तर माल्टिटॉल. हे साखरेसारखं घालतात, जास्त झालं की जुलाब होतात आणि शुगर अगदीच वाढवत नाही असं नाही, शिवाय काजू आणि तूप तर आहेच. तर लेबल वाचायला शिका, चष्मा लावून. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तरच 'शुगर फ्री' लिहिता येतं, पण त्यात मैदा, स्टार्च किती ते त्या शब्दात येत नाही. 'नो ॲडेड शुगर' म्हणजे फक्त वरून घातली नाही, आतली आहेच. घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे असते, पहिल्या तीन-चारात लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं की परत ठेवून द्या.

घरात स्वीटनर वापरायचं असेल तर ॲस्पार्टेमवालं शिजवण्यात घालू नका, उष्णतेने त्याची गोडी जाते. सुक्रालोज किंवा स्टीव्हिया चालतं, ते पण गॅस बंद केल्यावर, थेंबाथेंबाने, जास्त झालं की मागे कडवट चव राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की वजन कमी करायला म्हणून ही स्वीटनर वापरू नका, पण ती सूचना आधीच डायबेटिस असलेल्यांसाठी नव्हती. मी अप्पांसाठी कधीतरीच वापरते, कारण त्याने जीभ तेवढंच गोड मागत राहते, सवय काही कमी होत नाही.

आणि हे नक्की लक्षात ठेवा. एका रात्री अप्पांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, शुगर तपासायच्या मशिनवर ६१ आलं. मी घाबरून फ्रिजमधली तीच कमी साखरेची बासुंदी काढली, तेवढ्यात नणंद फोनवरून ओरडली की अगं ती नको, साखर पाणी दे. तिचं बरोबर होतं. शुगर ७० च्या खाली गेली की कमी साखरेचं गोड काही कामाचं नाही, दुधातलं तूपसाय साखर शोषायला उशीर लावतं. माणूस शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी परत तपासायचं, कमीच असेल तर परत द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ हॉस्पिटल. आमच्या घरात आता अप्पांच्या उशाशी ग्लुकोजचा डबा असतो.

गणपतीत मोदकाचं काय, हा प्रश्न येतोच. सारणाला एरवी दोन वाट्या नारळाला एक वाटी गूळ घालतो, मी पाऊण वाटी कमी करून पाव वाटीवर आणला, भाजलेली खसखस वाढवली, वेलची-जायफळ सढळ हाताने. सारण थोडं सुटं राहतं, मोदक वळताना पारी जरा खोलगट करावी लागते. पण सारणात गूळ कमी केला तरी उकड तांदळाचीच आहे, तो पण स्टार्च. म्हणून ज्या दिवशी मोदक त्या दिवशी अप्पांच्या ताटात भात नाही. वरण, भाजी, कोशिंबीर, आणि शेवटी एक मोदक, वर अर्धा चमचा तूप. अप्पांना ही देवाणघेवाण आवडली, ते आता स्वतःच म्हणतात, आज भात नको, आज मोदक आहे.

बाकी गोड कधीही रिकाम्या पोटी नाही, जेवणाच्या शेवटी, दुपारी शक्यतो. नंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं, पाऊस असेल तर आमच्या मजल्याच्या पॅसेजमध्येच फेऱ्या. नवीन पदार्थ केला की जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचून बघा आणि वहीत लिहा, कुठलं गोड मानवतं ते तुमच्या माणसाच्या रक्तावरूनच कळेल. आमच्याकडे साबुदाण्याची खीर बाद झाली ती अशीच.

कंटाळा आला असेल त्या दिवशी सफरचंदाची साल काढून फोडी करा, दोन चमचे पाणी, दालचिनीचा तुकडा, झाकण ठेवून आठ मिनिटं. मऊ होतं, कवळीवाल्यांना सोपं, वर एक चमचा चक्का. वरून घातलेली साखर शून्य.

शेवटचं म्हणजे टिकण्याचं. साखर कमी म्हणजे पदार्थ लवकर खराब, कारण साखरच त्याला टिकवते. आमच्याकडे बासुंदी दोन दिवस, हलवा तीन दिवस, तोही फ्रिजमध्ये, त्यापुढे वास न घेता टाकून द्यायचं, म्हाताऱ्या पोटाला प्रयोग नको. म्हणून थोडंच करा. डब्यावर तारीख लिहायचं काम मी अप्पांना दिलंय, ते मार्करने मोठ्या अक्षरात तारीख लिहितात आणि खाली किती वाट्या उरल्या तो आकडा पण.